कनवाळू मुलांची चिंता

जे मूल दुसऱ्याच्या दुःखाने कळवळते त्यालाच चिंता अधिक छळते, असे कोणी सांगितले तर शाळेत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला ते सहजासहजी पटत नाही. पण मग वर्गावर्गांतले एकेक चेहरे डोळ्यांसमोर येऊ लागतात आणि ते नाकारणेही अवघड होऊन बसते. किशोरवयीन मुलांच्या मनाविषयी गेल्या काही वर्षांत मी जे वाचत आले, त्यात मला सर्वाधिक विचार करायला लावले ते या एका निष्कर्षाने. ‘सकारात्मक युवा विकास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराचा अभ्यास करणाऱ्यांनी नॉर्वे, स्लोव्हेनिया अशा देशांत शाळकरी मुलामुलींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तेव्हा ज्यांच्यापाशी आत्मविश्वास होता आणि ज्यांचे घरच्यांशी, मित्रांशी, शाळेशी घट्ट नाते होते, त्यांच्यात चिंता कमी आढळली. हे अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु इतरांविषयी कणव ज्यांच्यात अधिक, त्यांच्यात चिंताही अधिक, असे चित्र त्याच उत्तरांतून पुढे आले. परिपाठाच्या वेळी ज्या गुणाचे आपण तोंडभरून कौतुक करतो, प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात जो आवर्जून लिहितो, तो गुण मुलाला शांत झोप लागेलच याची हमी देत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

सकारात्मक युवा विकासाचा हा विचार मुळात आला कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. अमेरिकेत स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली पौगंडावस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळांचे वय अशी त्याची ओळख करून दिली. ती ओळख पुढे दीर्घकाळ टिकली. आपल्याकडे असा ग्रंथ कोणी लिहिला नसला, तरी मूल सातवी-आठवीत गेले की ‘शिंगे फुटली’ म्हणण्याची पद्धत आहेच. या वयाकडे पाहायचे ते व्यसन, उद्धटपणा, नापास होणे, नको त्या वयात नको ते उद्योग, अशा संकटांच्या यादीतून. आणि ती संकटे टळली की मूल ‘चांगले निघाले’ असे समजायचे. १९९० च्या सुमारास या दृष्टीला काही संशोधकांनी हरकत घेतली. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातल्या सर्च इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत पीटर बेन्सन यांनी मुलांना वाढण्यासाठी घरातून, शाळेतून, गावातून आणि स्वतःच्या आतून काय काय मिळायला हवे याचा आराखडा मांडला. त्यात पुढे ४० गोष्टी धरल्या गेल्या. टफ्ट्स विद्यापीठातील रिचर्ड लर्नर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षमता, आत्मविश्वास, नाते, चारित्र्य आणि कणव या पाच गुणांभोवती आपला अभ्यास उभा केला. इंग्रजीत ही पाचही नावे एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून त्यांना ‘पाच सी’ म्हटले जाते. हे पाच रुजले की त्यातून सहावा गुण उमलतो, तो म्हणजे योगदान. मूल आपल्या घराला, वस्तीला, समाजाला काही देऊ लागते. २००२ साली पाचवीतल्या मुलांपासून सुरू झालेल्या त्यांच्या पाहणीत पुढे अमेरिकेच्या ४२ राज्यांतील सुमारे ७,००० मुले सामील झाली.

मला या मांडणीतले जे सर्वांत जवळचे वाटते, ते हे की तिच्यात मूल हे दुरुस्त करण्याची वस्तू नाही. ‘याच्यात काय बिघडले आहे’ या प्रश्नाऐवजी ‘याच्यापाशी काय आहे आणि ते कशाने वाढेल’ हा प्रश्न ती विचारते. आणि खरे सांगायचे तर महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच नवखा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत, मुलांची अंथरुणे आवरत, त्यांच्या आजारपणात उशाशी बसत. १९४१ पासूनच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ होते, गाणी होती, कलापथक होते आणि श्रमदानही होते. १९६२ साली पुण्यात सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीची सायंकाळची दले घ्या, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या ओसरीवर कोणी एखादा ध्यास घेतलेला माणूस मुलांना जमवून चालवतो तो गट घ्या. या सगळ्यांत मुलांच्या हाती खरे काम होते आणि त्यांच्या सोबत एक मोठे माणूस होते. यांपैकी कोणी ‘चिंता कमी करण्यासाठी’ ते केले नव्हते. तरीही ज्यांचे बालपण अशा गटात गेले त्यांच्याशी बोलताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते: ते शाखेविषयी बोलतात, खेळाविषयी बोलतात, पण थांबतात ते कोणातरी ताई-दादापाशी.

आता चिंतेकडे वळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयातील दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि त्यात चिंताविकारांचा वाटा मोठा आहे. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. विकाराच्या पातळीला न पोहोचलेली, पण रोज सोबत करणारी चिंता याहून कितीतरी पसरलेली आहे. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांच्याकडे बोट दाखवले. शाळेत वावरणाऱ्याला या आकड्यांचे आश्चर्य वाटत नाही. चाचणीच्या आठवड्यात कार्यालयासमोरच्या बाकावर पोट धरून बसलेली मुले, सहामाहीच्या सकाळी उलटी होणारी मुले, तोंडी परीक्षेत नाव पुकारले की हातपाय गार पडणारी मुले आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना ‘मला भीती वाटते’ असे म्हणता येत नाही. ‘पोटात दुखतंय’ असे म्हणता येते, म्हणून ती तसे म्हणतात, आणि त्यांचे पोट खरोखरच दुखत असते.

या वयात चिंता का उसळते, याचे एक कारण शरीरातच आहे. भावनांना चेतवणारी मेंदूतील यंत्रणा या काळात लवकर जागी होते, तर तिला आवर घालणारा, पुढचा-मागचा विचार करणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यात भर म्हणून याच वयात चार लोकांत आपण कसे दिसतो, कोण काय म्हणेल, हे कधी नव्हे इतके महत्त्वाचे होऊन बसते. परंतु चिंता का उसळते यापेक्षा ती का टिकते, हा प्रश्न शिक्षकाच्या अधिक उपयोगाचा आहे. ती टिकते टाळण्यामुळे. ज्याची भीती वाटते ते टाळले की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटका इतकी गोड असते की पुढच्या वेळी मन आपोआप तोच रस्ता धरते. दरम्यान ती गोष्ट खरोखर तेवढी भयंकर आहे का, हे पडताळून पाहण्याची संधीच उरत नाही. चिंतेवरील मानसोपचारात माणसाला त्याच्या भीतीच्या समोर बेताबेताने, पायरीपायरीने नेले जाते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आमच्या शाळेत आठवीतला एक मुलगा वर्गात प्रकट वाचन करताना अडखळत असे आणि पुढे पुढे तर मराठीच्या तासाला तो पाणी प्यायला म्हणून जाई तो घंटा होईपर्यंत परतत नसे. त्याला वाचनाचा सराव दे, धीर दे, हे सगळे करून झाले होते. मग ग्रंथालयाच्या तासाला पाचवीच्या लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायला कोणीतरी हवे होते, तेव्हा ते काम त्याच्याकडे दिले. पहिल्या दिवशी त्याने पुस्तक चेहऱ्यासमोर इतके उंच धरले होते की मुलांना त्याची फक्त बोटे दिसत होती. पण पाचवीतल्या मुलांना त्याच्या अडखळण्याशी काही देणेघेणे नव्हते; त्यांना कोल्हा विहिरीतून बाहेर कसा आला हे हवे होते, आणि तो थांबला की ती ‘पुढे काय, दादा?’ म्हणून ओरडत होती. काही आठवड्यांनी पुस्तक खाली आले. आपल्या वर्गात उभे राहून वाचायला त्याला त्यानंतरही बराच काळ लागला आणि आवाज आजही बारीकच आहे, मात्र तो आता तासाला बसतो. सकारात्मक युवा विकासाच्या भाषेत याला क्षमतेतून आत्मविश्वास म्हणतील आणि मानसोपचाराच्या भाषेत बेताबेताने सामोरे जाणे म्हणतील. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्याची भीती आधी जाऊन मग त्याला काम मिळाले नाही. काम आधी आले, ते खरे होते, कोणालातरी त्याची गरज होती, आणि भीती त्या कामाच्या ओघात ओसरत गेली.

अर्थात येथे एक शंका घ्यायलाच हवी, आणि ती संशोधकांनीही घेतलेली आहे. आत्मविश्वास असलेल्या मुलांत चिंता कमी, असे एका वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून दिसले तर त्यावरून आत्मविश्वासामुळे चिंता कमी झाली असे म्हणता येत नाही. उलटही असू शकेल: जे मूल मुळात कमी घाबरते ते स्पर्धेत उतरते, सहलीला जाते, मित्र जोडते, आणि म्हणून त्याचा आत्मविश्वास वाढतो, जे घाबरते ते घरी बसते आणि त्याच्या वाट्याला क्षमताही येत नाही आणि नातीही येत नाहीत. माझ्या अनुभवात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि एकमेकींना बळ देतात. म्हणूनच शाळेच्या सगळ्या उपक्रमांत स्वतःहून हात वर करणारी तीच ती पाच-दहा मुले दिसत असतील, तर त्या उपक्रमांनी कोणाचाही विकास केला असे मी मानत नाही. आधीच निर्भय असलेल्या मुलांना त्यांनी आणखी एक व्यासपीठ दिले, इतकेच.

आता कणवेच्या त्या कोड्याकडे येते. नववीच्या एका वर्गात एक मुलगी वर्गप्रमुख होती. कोणाचे कोणाशी बिनसले तर ती मिटवी, डबा न आणलेल्या मैत्रिणीला आपल्या डब्यातले अर्धे देई, गैरहजर मुलींच्या वह्या स्वतः उतरवून ठेवी. सर्व शिक्षकांची ती लाडकी होती. दुसऱ्या सत्रात ती वारंवार घरी जाण्याची परवानगी मागू लागली. डोके दुखे, छातीत धडधडे, रात्री झोप लागत नसे. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडले नाही. अभ्यासात ती बरी होती, घरी मारझोड नव्हती, कोणी त्रास देत नव्हते. एकदा वही तपासताना तिच्या रफ वहीचे शेवटचे पान माझ्यासमोर आले. त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात यादी होती: एकीच्या वडिलांचे ऑपरेशन, एकीला स्थळ बघायला सुरुवात, दोघींचे भांडण, शेजारच्या काकूंचा दवाखाना, धाकट्या भावाचे गणित, कोणाची फी राहिली आहे ते. काही ओळींपुढे बरोबरची खूण होती, बऱ्याच ओळींपुढे नव्हती, आणि खूण नसलेल्या ओळी पुन्हा पुन्हा गिरवून गडद झालेल्या होत्या. मी काही बोलण्याआधी तिनेच विचारले, “बाई, जे माझ्या हातात नाही, ते कुठं लिहायचं?”

मला वाटते, नॉर्वे-स्लोव्हेनियातल्या प्रश्नावल्यांत जे आकड्यांत उतरले, ते या प्रश्नात आहे. कणव म्हणजे दुसऱ्याचे दुःख स्वतःला लागणे. ते लागल्यावर त्याचे काही करता आले, तर मन मोकळे होते. करता आले नाही आणि ते कोणापाशी बोलताही आले नाही, तर ते दुःख आपल्यातच साचून राहते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आता इतरांच्या आयुष्यात खोलवर पाहता येते, कारण या वयात ती समज उमलते. पण ऑपरेशनचा खर्च भागवणे, जमू घातलेले लग्न थांबवणे, फी भरणे यांपैकी काहीही करण्याची सत्ता तिच्यापाशी नसते. समज मोठ्या माणसाची आणि हात लहान मुलाचे, अशा अवस्थेत चिंता वाढली नाही तरच नवल. आणि असे मूल शिक्षकांच्या नजरेतून हमखास सुटते, कारण ते त्रास देत नाही, उलट आमचा त्रास वाचवते. पाच गुणांची बेरीज केली तर या मुलीला भरघोस गुण पडले असते. परंतु गुणांची बेरीज करून चालत नाही. कोणता गुण कोणत्या गुणाच्या आधारावाचून एकटा पडला आहे, हे पाहावे लागते. तिची कणव एकटी पडली होती. ती सगळ्यांशी जोडलेली दिसत असली तरी ते जोडलेपण एकाच दिशेने वाहत होते; तिचे ऐकणारे कोणी नव्हते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक का घडते, याचे उत्तर आपल्या घरांत आहे. किशोरवयात मुलींमध्ये चिंतेचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते, हे अनेक देशांतील अभ्यासांत आढळलेले आहे, आणि कणवेच्या मापावरही मुली पुढे असतात. आपल्याकडे मुलगी वयात येताच तिला सगळ्यांचे मन सांभाळायला शिकवले जाते. आजीचे औषध, बाबांचा राग, आईची दमणूक, भावाचा डबा, पाहुण्यांचा चहा हे सगळे तिने न सांगता ओळखावे अशी अपेक्षा असते. आणि ती ओळखते, तेव्हा ‘किती शहाणी’ म्हणून तिची पाठ थोपटली जाते. त्याच घरात मुलाने दुसऱ्याच्या दुःखाने डोळ्यांत पाणी आणले तर ‘मुलीसारखा काय रडतोस’ हे त्याला ऐकावे लागते. एकीवर कणवेचे ओझे पडते आणि दुसऱ्याची कणव मोडून काढली जाते.

म्हणून मुलांवर जबाबदारीच टाकू नये, असे मात्र मला अजिबात वाटत नाही. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक आपत्ती एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची आस्था बाळगणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यांत ज्या गोष्टी वारंवार आढळल्या, त्यांत एका तरी मोठ्या माणसाचा भक्कम आधार होता. ते माणूस आई किंवा वडीलच असे नव्हे, आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी कोणीही. आणि त्यांच्यापैकी अनेकांवर लहानपणी घरची कामे किंवा धाकट्या भावंडांची देखभाल पडलेली होती. जबाबदारीने त्यांना मोडले नाही, घडवले. आमच्याकडे खेड्यांत मुले विहिरीत पोहायला शिकत, तेव्हा कमरेला सुका भोपळा बांधलेला असे आणि कोणी मामा किंवा काका आधीच पाण्यात उतरलेला असे. पाणी मात्र खरे आणि खोल असे. मुलावर टाकलेल्या जबाबदारीविषयी मी एवढेच पाहते की पाण्यात आधीपासून कोणी उतरलेले आहे की नाही.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही जे केले ते फार साधे होते. तिच्या यादीतल्या एकेका ओळीवर मी तिच्यासोबत बसून बोलले. भावाचे गणित तिच्याकडे राहिले. वह्या उतरवण्याचे काम आणखी चौघींत वाटले. फी आणि लग्नाचा विषय मी स्वतःकडे घेतला, त्याचे मी काय करणार हे तिला सांगितले आणि नंतर काय झाले तेही सांगितले. मोठी माणसे ‘तू नको काळजी करू’ म्हणून मुलांच्या हातून विषय काढून घेतात आणि पुढे काय झाले ते कधी सांगत नाहीत, त्याने मुलांची धाकधूक दुप्पट होते. शेजारच्या काकूंच्या आजाराबाबत कोणालाच काही करता येण्याजोगे नव्हते, त्याविषयी आम्ही नुसतेच बोललो. तिची धडधड लगेच थांबली नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत ती कमी झाली होती आणि दहावीत पुन्हा काही काळ वाढली, तेव्हा ती आपणहून सांगायला आली. पोट किंवा डोके दुखायची वाट न पाहता आली, हे मला मोठे वाटते.

असे बसायला वेळ कोणाला आहे, हा प्रश्न येथे येतो आणि तो रास्त आहे. या बाबतीत बिहारमधला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतील संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला. विक्रम पटेल आणि सचिन शिंदे हे त्यातील प्रमुख संशोधक होते. काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला होता, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेला साधा पदवीधर. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे दिले होते. आणि काही शाळांत यापैकी काहीच नव्हते. कार्यक्रमात परिपाठातली चर्चा, भित्तिपत्रक, मुलांनी नाव न लिहिता तक्रार किंवा सूचना टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरज असेल त्याच्याशी एकांतात बोलणे, अशा गोष्टी होत्या. नववीच्या मुलांची आठ महिन्यांनी पाहणी केली, तेव्हा स्वतंत्र माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारले होते, दादागिरी आणि हिंसा कमी झाली होती, आणि नैराश्याची लक्षणेही उतरली होती. सतरा महिन्यांनी हा फरक आणखी रुंदावला. ज्या शाळांत हेच काम शिक्षकाकडे होते, तिथे मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे शिक्षकांविषयीचा, २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. मात्र त्याचा अर्थ शिक्षकांना मुलांविषयी आस्था नाही असा होत नाही. पोर्शन पूर्ण करायचा, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, पटपडताळणी, आणि वर्गात साठ-सत्तर मुले. त्यावर आणखी एक जबाबदारी म्हणून मुलांचे मन आले, तर ते रजिस्टरमधला एक रकाना होऊन बसते. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याच्या हातात गुण आहेत, जो पालकांना बोलावून घेऊ शकतो, त्याच्यापाशी मूल मन उघडे करताना दहा वेळा विचार करते. नालंदातल्या त्या माणसाच्या हातात ना छडी होती ना गुणपत्रक. पाच गुणांतील नाते म्हणजे काय, याचा मला सापडलेला सर्वांत ठोस पुरावा हाच आहे: मुलाला कोणत्याही परीक्षेविना आपले मानणारे एक मोठे माणूस, रोज, त्याच इमारतीत.

याउलट आपल्याकडे विकासाच्या नावाखाली जे चालते, त्याने माझे मन खट्टू होते. मे महिना आला की व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांच्या जाहिराती झळकतात. आठवडाभरात सभाधीटपणा, नेतृत्व आणि आत्मविश्वास देण्याचे आश्वासन असते आणि शेवटी प्रमाणपत्र. पालक मोठ्या आशेने पैसे भरतात, त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण आधीच स्कॉलरशिप, ऑलिम्पियाड, अबॅकस आणि पुढे नीट-जेईईच्या पायाभरणीचा वर्ग यांत अडकलेल्या मुलासाठी ‘आत्मविश्वास’ हाही एक विषय होतो, त्यातही कोणीतरी पहिला येतो, आणि जो येत नाही त्याला आपण आत्मविश्वासातही नापास झालो असे वाटते. शिबिर संपल्यावर त्या मुलाला नावाने ओळखणारे कोणी उरत नाही. लर्नर यांच्या चमूने मुलांच्या विकासाला खरोखर हातभार लावणाऱ्या कार्यक्रमांच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मोठ्या माणसाशी टिकून राहणारे नाते, आयुष्यात लागणारी कौशल्ये, आणि ती कौशल्ये वापरून खरे काही करण्याची संधी. त्यांतली पहिली खूण आठवडाभरात उमटू शकत नाही.

आणखी एक सांगायला हवे, कारण सकारात्मकतेच्या उत्साहात ते विसरले जाते. जे मूल आठवडेच्या आठवडे शाळेत येऊ शकत नाही, ज्याची झोप आणि भूक उडाली आहे, ज्याला श्वास कोंडल्यासारखे झटके येतात, किंवा जे जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलते, त्याला गटकार्य आणि शाबासकी पुरत नाही. त्याला डॉक्टरांची, समुपदेशकाची गरज आहे आणि ती तातडीने भागवायला हवी. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आमच्या प्रत्येक वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावलेला आहे. बाहेरच्या बाजूस लावला असता तर तो वाचताना इतरांनी पाहिले असते, अशी सूचना एका मुलानेच आमच्या शाळेतल्या सूचनापेटीत टाकली होती. उपचार चालू असलेल्या मुलालाही काम आणि नाते लागतेच, किंबहुना अधिक लागते; फक्त एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

आमच्या शाळेत स्वतंत्र समुपदेशक नेमण्याइतके पैसे नाहीत. येत्या वर्षासाठी मी मुख्याध्यापकांपुढे एक मागणी ठेवली आहे: आठवी आणि नववीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातली एक तासिका अशा माणसासोबत मिळावी, जो त्या तुकडीला कोणताही विषय शिकवत नाही आणि तिचे पेपर तपासत नाही. गावातल्या दोन पदवीधर मुली आणि एक निवृत्त ग्रंथपाल यायला तयार आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाची सोय करायची आहे, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी करायचे आहेत, आणि एखाद्या मुलाने गंभीर काही सांगितले तर ते कोणापर्यंत, किती वेळात पोहोचवायचे हे ठरवायचे आहे. तासिका कोणत्या विषयाची कापायची यावर शिक्षकांच्या बैठकीत एकमत झालेले नाही. मी माझ्या मराठीची देऊ केली आहे.